पहिला सिंथ जुना घ्यावा की नवा?

१९८२ साली मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं जोडली आणि त्यांवर राग वाजवून ध्वनिमुद्रित केले. ज्युपिटर-८ सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य), टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३ बास सिंथ ही ती यंत्रं. आज ही तिन्ही नावं व्हिंटेज म्हणून घेतली जातात, पण तेव्हा ती नवीकोरी होती. ८०८ दोन वर्षांपूर्वी आलेलं, ३०३ तर त्याहूनही नवं. तीच यंत्रं आज चाळिशी ओलांडून गेली आहेत, त्यामुळे आज ती घेणाऱ्याला तेव्हा नसलेला एक प्रश्न सोडवावा लागतो: हे यंत्र चालतं कोण ठेवणार?

नवशिक्याने जुनं-नवं ठरवताना हाच प्रश्न पहिला विचारावा. आवाजाचा प्रश्न दुसरा. जुन्या यंत्रांचा आवाज सुंदर असतो, यात वाद नाही. पण सहापैकी एक व्हॉइस (एका वेळी एक सूर वाजवणारा आतला भाग) मुका झालेला सिंथ सुंदर वाजत नाही, आणि शिकण्याच्या काळात चूक आपली की यंत्राची हे कळत नसेल तर शिकणंच थांबतं.

आधी फुकटात कान तयार करा

एक ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपमध्ये आवाज आत-बाहेर नेणारा डबा) आणि चांगले बंद प्रकारचे हेडफोन, एवढी खरेदी कुठल्याही सिंथच्या आधी करावी. मग लॅपटॉपवर डेक्स्ड हे मोफत प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरमधला सिंथ, घ्या. ते यामाहाच्या डीएक्स७ ची, म्हणजे १९८३ च्या एफएम सिंथची (एफएममध्ये एक लाट दुसरीची वारंवारता बदलून आवाज घडवते), रचना तंतोतंत पाळतं: लाट काढणारे सहा ऑपरेटर, ते जोडण्याचे बत्तीस अल्गोरिदम. खऱ्या डीएक्स७ च्या पॅच-फायलीही (पॅच म्हणजे साठवलेली आवाजाची मांडणी) त्यात थेट उघडतात. ऑसिलेटर (लाट काढणारा), फिल्टर (तिचा काही भाग गाळणारा) आणि एन्व्हलप (आवाजाचा चढउतार ठरवणारा) या वाटेने चालणाऱ्या पद्धतीसाठी सर्ज एक्सटी घ्या, तेही मोफत आहे. दोन्हींवर रोज थोडा वेळ काढलात तर महिन्याभरात कळतं की तुमचा कल एफएमच्या काचेसारख्या घंटानादाकडे आहे की फिल्टर उघडत-मिटत जाणाऱ्या जाड आवाजाकडे. हे न कळता हार्डवेअर घेणाऱ्यांचे सिंथ वर्षभरात विकायला निघतात.

प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा) आणि कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवळणारा) सध्या बाजूला ठेवा. नीव्ह १०७३ प्रीअँप किंवा ११७६ कॉम्प्रेसर यांची नावं सतत कानावर पडतील, पण आजच्या साध्या इंटरफेसमधला प्रीअँप सुरुवातीच्या रेकॉर्डिंगला पुरेसा स्वच्छ असतो. रेकॉर्डिंग वाईट होण्याचं कारण बहुतेक वेळा खोली किंवा माइकची जागा असते.

जुन्या यंत्रात नक्की काय म्हातारं होतं

‘व्हिंटेज’ ही एकच जात नाही. कुठल्या यंत्रात कुठला भाग संपतो, यावरून ते नवशिक्याच्या हाती द्यावं की नाही हे ठरतं.

वीजपुरवठ्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळ्यांतच वाळतात. लक्षण म्हणजे सततची जाडसर घरघर. हे भाग साधे आणि स्वस्त असतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळतात आणि कुणीही चांगला कारागीर बदलून देतो. बटणांखालचे टॅक्ट स्विच झिजतात, मग एकदा दाबलं की दोनदा लागतं. तेही मिळतात. स्लायडर आणि नॉब धुळीने खरखरतात. त्यावर इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ते वीस-तीसदा पूर्ण वरखाली करायचे. सांधे मोकळे करायचा घरगुती तेलकट स्प्रे मात्र तिथे कधीही मारू नका. त्याचा थर आत राहतो, धूळ धरतो आणि महिन्याभरात खरखर दुपटीने परत येते.

अडचण होते ती त्याच यंत्रासाठी घडवलेल्या भागांची. रोलंडचा ज्युनो-१०६ (१९८४) हे याचं ठळक उदाहरण. त्याच्या प्रत्येक व्हॉइसचा फिल्टर आणि अँप्लिफायर ८००१७ए नावाच्या काळ्या लेपात बुडवलेल्या मॉड्यूलमध्ये आहे. तो लेप वर्षानुवर्षांनी विद्युतवाहक होऊ लागतो आणि मॉड्यूल बिघडतं: एखादा व्हॉइस गप्प होतो, कडकडतो किंवा की सोडली तरी वाजतच राहतो. लेप अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून मॉड्यूल वाचवता येतं, किंवा नव्याने बनवलेली पर्यायी मॉड्यूल परदेशातून मागवता येतात. दोन्ही कामं नवशिक्याची नाहीत. विकणारा ‘सगळी मॉड्यूल बदलली आहेत’ म्हणत असेल तर फोटो मागा, आणि खरंच बदलली असतील तर जास्त किंमत द्यायला हरकत नाही.

कॉर्ग पॉलिसिक्समध्ये (१९८१) मेमरीसाठी निकेल-कॅडमियम बॅटरी बोर्डवरच लावलेली असते. ती गळते आणि तिचं रसायन केएलएम-३६७ या बोर्डावरचे तांब्याचे मार्ग खाऊन टाकतं. बाहेरून यंत्र झकास दिसतं आणि आत अर्धा बोर्ड हिरवा पडलेला असतो. बॅटरी कधी काढली, आतून बोर्ड कसा आहे, याची उत्तरं मिळत नसतील तर तो सौदा सोडा.

याच्या उलट डीएक्स७, कॉर्ग एम१ (१९८८) किंवा रोलंड जेव्ही-१०८० (१९९४) यांसारखी डिजिटल यंत्रं. त्यांचा सूर हलत नाही, फिल्टरचे सुटे अ‍ॅनालॉग भाग नाहीत, आणि बहुतेक तक्रारी सीआर२०३२ बॅटरी, मंद झालेला डिस्प्ले आणि मळलेले की-कॉन्टॅक्ट एवढ्यातच संपतात. जुनंच घ्यायची ओढ असेल तर पहिलं जुनं यंत्र या गटातलं असावं. ८०८, ज्युपिटर, पॉलिसिक्स किंवा ई-म्यूचा एसपी-१२०० सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं यंत्र) पहिल्या खरेदीसाठी नाहीतच. एसपी-१२०० (१९८७) मध्ये सॅम्पलिंगला सगळे मिळून दहा सेकंद मिळतात, साठवण फ्लॉपीवर आणि किंमत आकाशाला भिडलेली.

आणखी एक कसोटी आहे, तिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. तुमच्या गावातल्या कारागिराने ते यंत्र आधी उघडलं आहे का? ऑर्केस्ट्रामधला एसपीडी-२० ऑक्टापॅड महाराष्ट्रात वर्षानुवर्षं टिकून राहिला त्याचं एक मोठं कारण हे की तो दुरुस्त करणारा माणूस सापडतो. त्या मानाने दुर्मीळ युरोपियन सिंथ स्वस्तात मिळाला तरी तो बिघडल्यावर कुरियरने परदेशी पाठवण्याचा खर्च त्याच्या किमतीला भिडतो.

व्होल्टेज: सगळ्यात महाग चूक

आपल्याकडे येणारी बरीच जुनी यंत्रं जपानच्या बाजारासाठी बनलेली, म्हणजे १०० व्होल्टची असतात. अमेरिकेतून आलेली ११७ किंवा १२० ची. मागच्या बाजूचा शिक्का वाचल्याशिवाय प्लग लावू नका. १०० व्होल्टचं यंत्र थेट भिंतीत लावलं तर नशिबाने फ्यूज जातो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळतो.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला म्हणजे झालं, असंही नाही. बाजारात सहज मिळणारा २३० चे ११० करतो. घरातला दाब २५० वर गेला, जे आपल्याकडे नवलाचं नाही, की बाहेर जवळपास १२० येतात. म्हणजे १०० व्होल्टच्या यंत्राला वीस टक्के जास्त. यंत्र चालतं, पण आतले रेग्युलेटर तापत राहतात आणि कपॅसिटर लवकर जातात. ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्याकडून १०० व्होल्टचाच बांधून घ्या, वेगळ्या वाइंडिंगचा, म्हणजे ऑटो-ट्रान्सफॉर्मर नको. यंत्रावर लिहिलेल्या वॅटच्या किमान दुप्पट क्षमतेचा घ्या. ३० वॅटच्या सिंथला १०० व्हीए भरपूर.

त्याच वेळी घरचं अर्थिंग तपासा. मल्टिमीटर एसीवर ठेवून फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवं. फेज-अर्थ बराच कमी दाखवत असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. हे मोजण्याची सवय नसेल तर तेही त्याच्याकडूनच करून घ्या.

नव्या यंत्रांतही घोटाळा होतो, तो अ‍ॅडाप्टरचा. कॉर्गच्या व्होल्का मालिकेला ९ व्होल्टचा, मधली पिन धन असलेला अ‍ॅडाप्टर लागतो. गिटार पेडलचा ९ व्होल्टचाच असतो, पण त्याची मधली पिन ऋण असते. एका टेबलावर दोन्ही असतील तर प्रत्येक अ‍ॅडाप्टरला यंत्राच्या नावाची पट्टी चिकटवा.

जुनं यंत्र बघायला जाताना

विकणाऱ्याला फोनवरच सांगा की यंत्र आधी चालू करून ठेवू नका. थंड यंत्रात आणि तापलेल्या यंत्रात वेगवेगळे दोष दिसतात आणि दोन्ही बघायचे आहेत. सोबत हेडफोन, त्याचा मोठ्या जॅकचा कनेक्टर, मिडी (यंत्रांमध्ये सूर आणि आज्ञा पोचवणारी जोडणी) केबल, लॅपटॉप आणि यूएसबी-मिडी इंटरफेस, स्क्रू-ड्रायव्हर आणि टॉर्च घ्या. तासभर वेळ हवा असं आधीच सांगा. तासाला नाही म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

प्लग काढलेला असतानाच, मालकाच्या परवानगीने, झाकण उघडा. वीजपुरवठ्याच्या भागाला हात लावायचा नाही, कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असतो. फक्त बघायचं: फुगलेले कपॅसिटर, बॅटरीभोवती पांढरा किंवा हिरवा थर, काळवंडलेले डाग, आधीच्या दुरुस्तीचं ओबडधोबड सोल्डरिंग. गंजलेले स्क्रू दिसले तर यंत्र दमट हवेत राहिलंय. कोकण किंवा मुंबईतल्या समुद्राजवळच्या घरातल्या यंत्रात हे हमखास बघा.

मग चालू करून हेडफोनवर काहीही न वाजवता आवाज पूर्ण वाढवा. घरघर ऐकू आली तर बाकी सगळ्या केबल काढून पुन्हा ऐका. केबल काढल्यावर थांबली तर ती अर्थिंगच्या चक्राची (दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याची), राहिली तर आतली, म्हणजे कपॅसिटर बदलणं आलं. हलकी सरसर वेगळी गोष्ट आहे. ज्युनोचा कोरस (आवाज दाट करणारा इफेक्ट) चालू केला की थोडी सरसर येणारच, तो दोष नव्हे.

व्हॉइस तपासण्यासाठी साधा, लांब टिकणारा पॅच घ्या. फिल्टर पूर्ण उघडा आणि कोरस बंद ठेवा, कारण कोरस दोन व्हॉइसमधला फरक झाकतो. ज्युनो-१०६ वर पॉली-१ मोडमध्ये एकच की लागोपाठ सहादा दाबा. प्रत्येक वेळी पुढचा व्हॉइस वाजतो. सहाही सारखे ऐकू यायला हवेत. एक बारीक, एक बोदा किंवा एक उशिरा थांबणारा निघाला तर तेच ते मॉड्यूल. ट्रान्सपोजचं बटण दाबून ठेवून यंत्र चालू केलं तर ते टेस्ट मोडमध्ये जातं आणि कुठला व्हॉइस वाजतोय त्याचा क्रमांक डिस्प्लेवर दिसतो.

पुढे सगळ्या की एकेक करून, हळू आणि जोरात. न वाजणारी की बहुतेक वेळा खालच्या रबर कॉन्टॅक्टची असते, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बरी होते. तेवढ्यावरून सौदा मोडू नये, किंमत कमी करावी. प्रत्येक स्लायडर हळू सरकवा. एक पॅच साठवा, यंत्र बंद करा, दोन मिनिटांनी चालू करा. पॅच गेला असेल तर बॅटरी संपली. मिडी आत आणि बाहेर दोन्ही तपासा. सगळी आउटपुट तपासा. अर्धा तास उलटल्यावर व्हॉइसची चाचणी पुन्हा घ्या.

मागितलेल्या किमतीत चौथा हिस्सा दुरुस्तीचा मिळवा आणि मग परवडतंय का बघा. परदेशातून मागवत असाल तर वाहतूक, विमा, कस्टम ड्युटी, जीएसटी आणि कुरियर कंपनीचं हाताळणी शुल्क वेगळं. तिथे ही चाचणी घेताच येत नाही, म्हणून पहिली खरेदी बाहेरून करूच नये.

नवं घ्यायचं तर काय बघायचं

कॉर्गचा मिनिलॉग (२०१६) शिकण्यासाठी फार समंजस यंत्र आहे. चार व्हॉइसचा खरा अ‍ॅनालॉग सिंथ, जवळजवळ प्रत्येक कामाला स्वतंत्र नॉब, १६ पायऱ्यांचा सीक्वेन्सर (सूर क्रमाने आपोआप वाजवणारा), पाच पिनी मिडी, आणि लाटेचा आकार दाखवणारा छोटा डिस्प्ले. नॉब फिरवला की लाट कशी बदलते हे डोळ्यांना दिसतं. मर्यादाही कळून घ्या: की लहान आहेत, आणि पाचवा सूर दाबला की आधीचा एक सुटतो. दोन्ही हातांनी भरगच्च वाजवणाऱ्याला चार व्हॉइस अपुरे पडतील. आर्टुरियाचा मायक्रोफ्रीक आवाजांच्या वैविध्यात पुढे जातो, पण त्याच्या स्पर्शपट्टीवर बोटांची सवय वेगळी लागते आणि आत रिव्हर्ब-डिले (घुमणं-प्रतिध्वनी) काहीच नाही.

रागसंगीतातून येणाऱ्यांसाठी कॉर्गचे मोनोलॉग आणि मिनिलॉग एक्सडी खास लक्षात ठेवावेत. त्यांत स्वतःच्या श्रुतींप्रमाणे प्रत्येक सुराचं अंतर भरून ठेवता येतं. भैरवातला कोमल ऋषभ हवा तेवढा खाली नेता येतो. सिंथ कुठलाही असो, मास्टर ट्यून (सगळा सूर किंचित सरकवणारं) आणि ट्रान्सपोज (पट्टी बदलणारं) कुठे आहेत ते आधी शोधा. गाणारा काळी एकमध्ये गाणार आणि हार्मोनियम ४४० हर्ट्झवर नसणार, हे गृहीतच धरा.

ड्रमसाठी मूळ ८०८ च्या मागे लागू नका. त्याच्या बास ड्रमचा आवाज एका कंप पावणाऱ्या सर्किटमधून निघतो, म्हणून लागोपाठचे दोन ठोके शंभर टक्के एकसारखे नसतात. एकच सॅम्पल पुन्हा पुन्हा वाजवलं की निर्जीव वाटतं ते यामुळे. हा जिवंतपणा हवा असेल तर बेहरिंगरचा आरडी-८ अ‍ॅनालॉग सर्किटनेच आवाज करतो आणि प्रत्येक वाद्याला वेगळं आउटपुट देतो. रोलंडचा टीआर-०८ तेच सर्किट डिजिटल पद्धतीने उभं करतो, टेबलावर वीतभर जागा घेतो आणि बॅटरीवर चालतो. मिक्सिंग शिकायचं असेल तर वेगळ्या आउटपुटचा फायदा मोठा आहे, तिथे आरडी-८ घ्यावा.

नव्याची दुखणी वेगळी. बारीक घटकांचे बोर्ड असल्यामुळे साधा कारागीर हात लावत नाही, बोर्डच बदलावा लागतो. म्हणून भारतातलं पक्कं बिल आणि वॉरंटी सोडू नका. मायक्रो-यूएसबीचं सॉकेट लवकर सैल होतं, केबल एकदा लावून तशीच ठेवावी. मोबाइल अ‍ॅपशिवाय पॅच साठवता येत नसेल असं यंत्र घेऊ नका. अ‍ॅप बंद पडलं की यंत्र अर्धं मेलं.

जुनं-नवं एकत्र जोडताना

मिडी १९८३ मध्ये आलं. त्याआधीच्या रोलंडच्या काही यंत्रांवर अगदी तसंच दिसणारं पाच पिनी सॉकेट असतं, पण ते डिन-सिंकचं. त्यातून सूर जात नाहीत, फक्त सुरू-थांब आणि एका मात्रेला २४ ठोके जातात. त्याला मिडी समजून केबल लावू नका, मधे रूपांतर करणारा डबा लागतो. सूर व्होल्टेजने सांगताना रोलंडच्या जुन्या सिंथना एका सप्तकाला एक व्होल्ट ही पद्धत चालते, कॉर्ग एमएस-२० ची पद्धत वेगळी आहे आणि थेट जोडलं तर सूर वेडेवाकडे येतात. नव्या छोट्या यंत्रांवर मिडीसाठी ३.५ मिलिमीटरचा जॅक असतो, त्याचे ए आणि बी असे दोन प्रकार आहेत. २०१८ पासून ए हा प्रमाण मानला गेला, तरी आधीच्या काही यंत्रांत बी आहे. केबल नीट असूनही सूर पोचत नसेल तर आधी हे तपासा.

नवा सिंथ यूएसबीने लॅपटॉपला आणि ऑडिओ केबलने इंटरफेसला जोडला की अनेकदा किणकिण करणारी बारीक शिट्टी ऐकू येते. माउस हलवला की ती बदलते. सिंथ बिघडलेला नसतो, दोन वाटांनी जमीन जोडली गेल्यामुळे लॅपटॉपचा गोंगाट ऑडिओत शिरतो. यूएसबी काढून पाच पिनी मिडी वापरा. त्यात मधे प्रकाशाने जोडणारा ऑप्टोकपलर असतो, विजेचा थेट संबंध राहत नाही आणि शिट्टी बंद होते.

जुनं यंत्र घरी आल्यावरचा पहिला आठवडा

पहिलं काम पॅचची नक्कल. डीएक्स७ वर मेमरीतले ३२ पॅच सिसेक्सने (मिडीवरून यंत्राची माहिती पाठवण्याची पद्धत) लॅपटॉपवर घ्या: फंक्शनमध्ये आठव्या बटणावर सिस्टिम इन्फो उपलब्ध करा, पुन्हा तेच बटण दाबून ट्रान्समिटला होय म्हणा. फाइल बरोबर ४१०४ बाइटची हवी, कमी असेल तर नक्कल अर्धवट. ती डेक्स्डमध्ये उघडून ऐका. ज्युनो-१०६ ला टेप इंटरफेस (पॅच आवाजाच्या रूपात कॅसेटवर साठवण्याची सोय) आहे, तो आवाज लॅपटॉपवर रेकॉर्ड करा आणि परत भरून पाहा.

दुसरं काम बॅटरी. नाण्यासारख्या बॅटरीवर थेट सोल्डर करू नका, ती फुटू शकते. जुनी काढून तिथे होल्डर बसवून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी सोल्डरिंग लागणार नाही. पॉलिसिक्ससारख्या यंत्रात सीआर२०३२ बसवायची असेल तर कारागिराला आधी सांगा की मूळ सर्किट बॅटरीला चार्ज करतं. तो मार्ग तोडला नाही किंवा डायोडने अडवला नाही तर न चार्ज होणारी लिथियम बॅटरी चार्ज होऊ लागते, आणि ते धोक्याचं आहे.

तिसरं, जागा. पावसाळ्यात खिडकीजवळ आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. कापडी झाकण घाला, केसमध्ये ठेवत असाल तर सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि निळ्याच्या गुलाबी झाल्या की बदला. वापर नसला तरी आठवड्यातून एकदा तासभर यंत्र चालू ठेवून सगळे स्लायडर आणि बटणं हलवा. आतल्या उबेने दमटपणा जातो, आणि नवा बिघाड सुरू झाला असेल तर तोही वेळेत कानावर येतो.